विश्लेषण : कुणाशी बोललात, यावरून शत्रू ठरतो का? रणांगणावरील ‘नेटवर्क सायन्स’चा हिशेब

१३ डिसेंबर २००३. इराकमधील तिक्रितजवळच्या अद-दौर गावात, एका शेतावर अमेरिकी सैनिकांनी जमिनीतल्या लहानशा खड्ड्यावरचे झाकण उचलले आणि आठ महिने गुंगारा देणारा सद्दाम हुसेन त्यांच्या हाती लागला.

२ सप्टेंबर २०१०. अफगाणिस्तानच्या तखार प्रांतात मोटारींच्या ताफ्यावर झालेल्या अमेरिकी हवाई हल्ल्यात १० जण ठार झाले. दहशतवाद्यांचा बडा म्होरक्या टिपल्याचे नाटोच्या फौजांनी जाहीर केले. प्रत्यक्षात तो ताफा संसदेच्या निवडणुकीच्या प्रचाराला निघाला होता.

या दोन्ही कारवायांमागची पद्धत एकाच जातीची होती. कोण कुणाला ओळखतो, कोण कुणाशी बोलतो, याचा नकाशा तयार करायचा आणि त्यातून हवा तो माणूस शोधायचा. या नकाशाच्या अभ्यासाला ‘नेटवर्क सायन्स’ म्हणतात. एका ठिकाणी त्याने हुकूमशहा सापडवला, तर दुसऱ्या ठिकाणी भलत्यांचे जीव घेतले. गेल्या दोन दशकांत हे शास्त्र विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून थेट रणांगणावर पोहोचले. ते नेमके काय करू शकते, काय करू शकत नाही आणि त्यावर किती विसंबायचे, हे म्हणूनच समजून घ्यायला हवे.

नेटवर्क सायन्स म्हणजे काय?

कागदावर काही ठिपके काढा आणि ज्यांचा एकमेकांशी संबंध आहे ते ठिपके रेषांनी जोडा. झाले नेटवर्क. ठिपक्याला ‘नोड’ म्हणतात, रेषेला ‘दुवा’. नोड म्हणजे माणूस, संगणक, विमानतळ, बँकेचे खाते, काहीही असू शकते. दुवा म्हणजे फोन कॉल, केबल, विमानसेवा किंवा पैशांचा व्यवहार. गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर याने १७३६ मध्ये क्योनिग्सबर्ग शहरातील सात पुलांचे कोडे याच पद्धतीने सोडवले. तेव्हापासून या विषयाची मुळे गणितात आहेत.

आजच्या नेटवर्क सायन्सला वेग आला तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस. १९९८ मध्ये डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी जग ‘लहान’ का वाटते, म्हणजे दोन अनोळखी माणसांमध्ये मोजकेच दुवे का असतात, याचे गणिती उत्तर दिले. पुढच्याच वर्षी आल्बर्ट-लास्लो बाराबासी आणि रेका आल्बर्ट यांनी दाखवले की अनेक नेटवर्कमध्ये बहुतेक नोडना थोडेच दुवे असतात आणि मूठभर नोडना प्रचंड दुवे असतात. या मूठभरांना ‘हब’ म्हणतात.

लष्करांचे कान टवकारले ते २००० मधील एका शोधनिबंधामुळे. बाराबासी, आल्बर्ट आणि हावूंग जोंग यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलेला निष्कर्ष सोपा होता. हब असलेल्या नेटवर्कमधील नोड कुठेही, कसेही बंद पडले तर नेटवर्क सहसा टिकते. पण कुणी ठरवून हबच एकेक करून काढत गेले, तर तेच नेटवर्क झपाट्याने तुकड्या-तुकड्यांत मोडते.

आणखी एक मोजमाप महत्त्वाचे आहे. एखाद्या नोडला किती दुवे आहेत, यापेक्षा इतरांना जोडणाऱ्या किती वाटा त्याच्यातून जातात, हे कधीकधी मोलाचे ठरते. मुंबईच्या मध्य रेल्वेवर कल्याणला रूळ फुटतात. एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. कल्याण बंद पडले की दोन्हीकडचा प्रवासी मुंबईपासून तुटतो. ही ‘मधली जागा’ गणिताने मोजता येते. गुप्तहेरांना अशीच मधली माणसे हवी असतात.

लष्कराला यात रस कधी निर्माण झाला?

युद्धात नेटवर्कचा विचार दोन वाटांनी आला. पहिली वाट स्वतःच्या सैन्याची. १९९८ मध्ये अमेरिकी नौदलाचे अधिकारी आर्थर सेब्रॉस्की यांनी जॉन गार्स्टका यांच्यासह ‘नेटवर्क सेंट्रिक वॉरफेअर’ची कल्पना मांडली. जहाज, विमान, रडार आणि सैनिक यांना एकाच माहितीच्या जाळ्यात जोडले, तर लहान सैन्यही वेगाने निर्णय घेऊ शकते, असा तो विचार. हा शब्दप्रयोग पुढे भारतासह अनेक देशांच्या लष्करी चर्चेत रुळला.

दुसरी वाट शत्रूच्या नेटवर्कची. जॉन आर्क्विला आणि डेव्हिड रॉनफेल्ट हे अभ्यासक १९९० च्या दशकापासूनच सांगत होते की पुढचे शत्रू फौजेसारखे उतरंडीत नसतील, जाळ्यासारखे पसरलेले असतील. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ते सर्वांना पटले. संघटनांतील संबंधांचा अभ्यास करणाऱ्या व्हॅल्डिस क्रेब्स यांनी केवळ वृत्तपत्रांतील उघड माहिती वापरून १९ विमान अपहरणकर्त्यांचा नकाशा काढला. २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मोहम्मद अट्टा त्या नकाशाच्या मधोमध दिसत होता. पण त्याहून बोलकी गोष्ट वेगळी होती. केवळ १९ जणांच्या या गटातही दोन व्यक्तींमधील सरासरी अंतर चारहून अधिक टप्प्यांचे होते. एक पकडला गेला तरी बाकीच्यांचा सुगावा लागू नये, म्हणून मुद्दाम विरळ ठेवलेले ते जाळे होते.

२००५ मध्ये अमेरिकी लष्कराच्या विनंतीवरून तेथील नॅशनल रिसर्च कौन्सिलने ‘नेटवर्क सायन्स’ याच नावाचा अहवाल तयार केला. डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकी लष्कराने बंडखोरीविरोधी युद्धाची जी नियमपुस्तिका काढली, तिच्यात सामाजिक नेटवर्कच्या विश्लेषणावर स्वतंत्र परिशिष्ट होते. २००९ मध्ये आर्मी रिसर्च लॅबोरेटरीने विद्यापीठे आणि उद्योगांना सोबत घेऊन या विषयावर दीर्घ मुदतीचा संशोधन कार्यक्रम सुरू केला. अशा तऱ्हेने प्रयोगशाळेतले गणित गणवेशात आले.

सद्दाम कसा सापडला?

एप्रिल २००३ मध्ये बगदाद पडल्यानंतर अमेरिकेने ५५ ‘वाँटेड’ इराकींची यादी काढून ती पत्त्यांच्या कॅटवर छापली. मंत्री, सेनापती, पक्षाचे नेते असे बडे लोक त्यात होते. त्यातले बरेच जण पकडले गेले, पण सद्दामचा ठावठिकाणा त्यांना माहीत नव्हता.

तिक्रितमध्ये तैनात असलेल्या तुकडीने मग यादी बाजूला ठेवली आणि वेगळा नकाशा काढायला घेतला. सत्ता गेल्यावर माणूस कुणाच्या आसऱ्याला जातो? नातेवाईक, जुने अंगरक्षक, चालक, गाववाले. तुकडीने तिक्रित परिसरातील घराणी, सोयरिकी आणि सद्दामच्या खासगी सुरक्षेतील माणसे भल्यामोठ्या तक्त्यावर मांडली. छापे पडत गेले, चौकशा होत गेल्या आणि प्रत्येक उत्तरानिशी तक्ता सुधारत गेला. शेवटी अंगरक्षकांच्या वर्तुळातला मोहम्मद इब्राहिम अल-मुस्लित पकडला गेला आणि त्याच्याकडून अद-दौरचा पत्ता मिळाला.

या यशात एक बारकावा आहे. तो तक्ता संगणकाने आपोआप काढला नव्हता. त्यावरील प्रत्येक रेषेला नाव होते. हा मेहुणा, हा चालक, हा आचारी. रेषा चुकली तर ती खोडणारी चौकशी होती. शोधायचा माणूसही आधीच ठरलेला होता. नकाशाला फक्त ‘तो कुठे आहे?’ एवढेच विचारायचे होते. ‘शत्रू कोण?’ हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच.

वेग वाढला, पण शत्रू संपला का?

इराकमधील अमेरिकी विशेष दलांचे प्रमुख जनरल स्टॅन्ली मॅक्रिस्टल यांनी हीच पद्धत कारखान्यासारखी वेगवान केली. जाळ्याला हरवायला जाळेच लागते, हे त्यांचे आवडते सूत्र. छापा टाकायचा, हाती लागलेले फोन आणि कागद तासाभरात तपासायचे, त्यातून पुढचा दुवा काढायचा आणि त्याच रात्री पुढचा छापा. मॅक्रिस्टल यांनी नंतर लिहिल्याप्रमाणे २००४ मध्ये महिन्याला डझन-दीड डझन असणारे छापे दोन वर्षांत ३०० पर्यंत गेले. ७ जून २००६ रोजी इराकमधील अल-कायदाचा प्रमुख अबू मुसाब अल-झरकावी मारला गेला. त्याच्या धार्मिक सल्लागाराच्या हालचालींवर पाळत ठेवून त्याच्यापर्यंत पोहोचता आले होते.

२००० च्या त्या शोधनिबंधाप्रमाणे पाहिले, तर सर्वांत मोठा हब निघाला होता. जाळे मोडायला हवे होते. ते कमकुवत झाले, पण संपले नाही. झरकावीच्या जागी अबू अय्यूब अल-मसरी आला. एप्रिल २०१० मध्ये तोही मारला गेला. मग अबू बक्र अल-बगदादी आला आणि जून २०१४ मध्ये त्याच्या ‘इस्लामिक स्टेट’ने मोसुल शहर ताब्यात घेतले.

गणिताचे काय चुकले? गणित चुकले नव्हते, उपमा चुकली होती. संगणकाच्या जाळ्यातून एक नोड काढला की बाकीचे नोड जागच्या जागी राहतात. माणसांच्या जाळ्यात तसे होत नाही. एक गेला की दुसरा पुढे येतो, भावाचा सूड घ्यायला तिसरा भरती होतो. कधी कारवाईच नवे दुवे जोडते. २००४ मध्ये स्वतः बगदादी अमेरिकेच्या कॅम्प बुका या तुरुंगात होता. पुढे ‘इस्लामिक स्टेट’मध्ये वर चढलेल्या अनेकांनी त्याच तळावर दिवस काढले. एरवी कधी भेटले नसते अशा माणसांना धरपकडीनेच एका छताखाली आणले.

म्होरक्याला संपवल्याने संघटना संपते का, यावर अभ्यासकांतही एकमत नाही. जेना जॉर्डन यांनी २००९ मध्ये १९४५ ते २००४ या काळातील २९८ घटना तपासल्या. जुन्या, मोठ्या आणि धार्मिक पाया असलेल्या संघटनांवर या उपायाचा फारसा परिणाम होत नाही, असे त्यांना आढळले. उलट २०१२ मध्ये पॅट्रिक जॉन्स्टन आणि ब्रायन प्राइस यांनी स्वतंत्रपणे मांडले की नेता गेल्याने संघटनेचे आयुष्य कमी होते किंवा संघर्ष लवकर संपण्याची शक्यता वाढते. इतका साधा प्रश्नही सुटलेला नसताना ‘हब काढा, जाळे कोसळेल’ हे सूत्र शास्त्रसिद्ध म्हणून वापरणे घाईचे आहे.

तखारमध्ये काय घडले?

सर्वांत मोठी चूक मात्र हब निवडण्याच्या आधीच, माणूस ओळखण्यात होऊ शकते. तखारमध्ये तेच झाले. अमेरिकी विशेष दलांना मोहम्मद अमीन नावाचा म्होरक्या हवा होता. त्याच्या जवळच्या माणसांच्या फोन संपर्कांवरून काही सिम कार्डांचा माग काढण्यात आला. त्यातले एक कार्ड अमीनच वापरतो आणि ‘झाबेत अमानुल्ला’ हे त्याने घेतलेले खोटे नाव आहे, असा निष्कर्ष निघाला.

पण झाबेत अमानुल्ला हा हाडामांसाचा वेगळा माणूस होता. एके काळी तो तालिबानमध्ये होता, पण नंतर काबूलमध्ये उघडपणे राहत होता आणि त्या सप्टेंबरमध्ये निवडणूक लढवणाऱ्या पुतण्याच्या प्रचारात होता. जुन्या ओळखींमुळे त्याच्या फोनवर तालिबानमधल्या माणसांचेही कॉल असणे स्वाभाविक होते. ‘अफगाणिस्तान ॲनालिस्ट्स नेटवर्क’च्या केट क्लार्क यांनी २०११ मध्ये या हल्ल्यावर सविस्तर अहवाल लिहिला. त्यात दोन गोष्टी समोर आल्या. एक, अमानुल्लाचे आयुष्य इतके जाहीर होते की साधी चौकशी केली असती तरी तो कोण हे कळले असते. दोन, खरा मोहम्मद अमीन पाकिस्तानात जिवंत होता. अमेरिकी लष्कराने मात्र आपण योग्य माणसालाच मारल्याचा दावा सोडला नाही. त्यांचा सारा भर नावावर नव्हता, फोनवर होता.

अमानुल्लाचा फोन त्या जाळ्यात होता, एवढे खरे. पण फोन जाळ्यात असणे आणि माणूस शत्रू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशावर मात्र दोन्हींसाठी एकच रेष निघते. अद-दौरच्या तक्त्यावर प्रत्येक रेषेला नाव होते. इथे रेषा होती, पण नाव गृहीत धरलेले होते. मग जे व्हायचे तेच झाले. सुक्याबरोबर ओलेही जळाले.

पत्रकार ‘संशयित’ कसा ठरतो?

कोण, कुणाला, केव्हा, कुठून आणि किती वेळ बोलला, या माहितीला ‘मेटाडेटा’ म्हणतात. संभाषणातला मजकूर त्यात नसतो. अमेरिकेच्या एनएसए आणि सीआयए या दोन्ही गुप्तचर संस्थांचे प्रमुखपद भूषवलेले मायकेल हेडन यांनी २०१४ मधील एका जाहीर चर्चेत अमेरिका मेटाडेटाच्या आधारे माणसे मारते, अशी कबुली दिली होती. अमेरिकी नागरिकांच्या फोन नोंदींबाबत तसे होत नाही, ही पुस्तीही त्यांनी जोडली होती.

या पद्धतीचा धोका २०१५ मध्ये फुटलेल्या एनएसएच्या कागदपत्रांतून दिसला. ‘स्कायनेट’ नावाच्या कार्यक्रमात पाकिस्तानातील सुमारे साडेपाच कोटी मोबाइलधारकांच्या नोंदी चाळून अल-कायदाचे निरोपे शोधण्याचा प्रयत्न होता. संगणकाने ज्यांच्याकडे ठळकपणे बोट दाखवले, त्यात एक नाव होते अहमद झैदान यांचे. ते अल-जझिरा वाहिनीचे इस्लामाबाद ब्युरो प्रमुख होते. ओसामा बिन लादेनची मुलाखत त्यांनी घेतली होती. दहशतवादी संघटनेशी संबंध असल्याचा आरोप त्यांनी साफ फेटाळला.

संगणकाच्या दृष्टीने त्याने ‘चूक’ केलीच नव्हती. निरोप्या काय करतो? वारंवार प्रवास करतो, दुर्गम भागात जातो, वेगवेगळ्या गटांतील लोकांशी बोलतो. युद्धाचे वार्तांकन करणारा पत्रकारही नेमके हेच करतो. गावोगाव फिरणारा डॉक्टर, मदतकार्यातला स्वयंसेवक, तंट्यात मध्यस्थी करणारा वडीलधारा, सगळे याच साच्यात बसतात. कल्याणसारखी ‘मधली जागा’ यांच्याकडेच असते. संघर्ष शांत करण्यासाठी जी माणसे सर्वांत जास्त लागतात, तीच नकाशावर सर्वांत संशयास्पद दिसतात.

यात आकड्यांचा एक सापळाही आहे. समजा, साडेपाच कोटी लोकांत एक हजार खरे निरोपे आहेत आणि संगणक त्या सर्वांना पकडतो. निरपराधांबाबत तो ९९.९ टक्के वेळा बरोबर असतो, असेही धरू. ऐकायला हे अचूक वाटते. पण उरलेला ०.१ टक्का म्हणजे साडेपाच कोटींपैकी ५५ हजार निरपराध. यादी होईल ५६ हजारांची आणि त्यातले खरे निरोपे असतील शंभरात दोनहूनही कमी. अशी यादी तपासाची सुरुवात म्हणून उपयोगी असू शकते. शिक्षेची यादी म्हणून ती भयंकर आहे.

याच्या उलट बाजूही विसरता येत नाही. जो खरोखर सावध असतो, तो नकाशावर उमटतच नाही. बिन लादेन ॲबटाबादच्या ज्या घरात राहत होता, तिथे फोन नव्हता, इंटरनेट नव्हते. २ मे २०११ च्या कारवाईपर्यंत पोहोचण्यासाठी त्याच्या एका विश्वासू निरोप्याचा माग काढणे आणि अनेक वर्षे माहिती पडताळत राहणे भाग पडले. नुसत्या फोनचा नकाशा जास्त बोलणारी माणसे दाखवतो, जास्त धोकादायक माणसे नव्हे.

व्हॉट्सॲप ग्रुप हाही पुरावा?

एप्रिल २०२४ मध्ये ‘+९७२’ या इस्रायली नियतकालिकाने गाझातील युद्धाबाबत एक वृत्तांत प्रसिद्ध केला. इस्रायली लष्कराची ‘लॅव्हेंडर’ नावाची यंत्रणा गाझातील रहिवाशांना १ ते १०० असे गुण देते आणि त्यावरून संशयित ठरवते, असे गुप्तचर अधिकाऱ्यांच्या हवाल्याने त्यात म्हटले होते. ज्ञात संशयितासोबत एकाच व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असणे, वारंवार फोन बदलणे अशा गोष्टी गुण वाढवू शकतात, असाही उल्लेख होता. इस्रायली लष्कराने हे आरोप नाकारले. दहशतवादी ओळखण्यासाठी आपण कृत्रिम बुद्धिमत्ता वापरत नाही, ही केवळ माहिती ताडून पाहण्यासाठीची नोंदवही आहे, असे त्यांचे म्हणणे.

वृत्तांतातील दावे आणि लष्कराचा इन्कार दोन्ही बाजूला ठेवले, तरी एक प्रश्न उरतो. तुमच्या फोनमध्ये किती ग्रुप आहेत? सोसायटीचा, शाळेच्या पालकांचा, जुन्या कॉलेजचा, गावाकडचा. त्यातल्या प्रत्येकाला तुम्ही ओळखता का? एखाद्या ग्रुपमधला कुणी उद्या गुन्हेगार निघाला, तर तुम्ही एका टप्प्यावर असाल. आणि १९९८ च्या ‘लहान जगा’च्या संशोधनाप्रमाणे मोजक्याच टप्प्यांत अनोळखी माणसेही जोडली जातात. युद्धग्रस्त भागात तर लोक सतत घर बदलतात, फोन हरवतात, सिम कार्ड आपापसात देतात-घेतात. तिथे फोन बदलणे हे संशयाचे लक्षण मानणे म्हणजे विस्थापित होण्यालाच गुन्हा ठरवणे.

कायदा काय सांगतो?

१९७७ च्या जिनिव्हा कराराच्या पहिल्या अतिरिक्त मसुद्यात याचे थेट उत्तर आहे. एखादी व्यक्ती नागरिक आहे की नाही याबद्दल शंका असेल, तर तिला नागरिकच मानावे, असे त्यातील ५० वे कलम सांगते. हल्ल्याआधी लक्ष्य खरोखर लष्करी आहे याची शक्य तितकी खातरजमा करण्याचे बंधन ५७ वे कलम घालते. अमेरिका, इस्रायल आणि भारत यांनी या मसुद्याला मान्यता दिलेली नाही. तरीही सैनिक आणि नागरिक यांत फरक करण्याचे तत्त्व सर्वच देशांवर बंधनकारक असलेल्या प्रथागत कायद्याचा भाग मानले जाते.

अडचण अशी की गुणांची यादी शंका लपवते. अधिकाऱ्याच्या पडद्यावर ‘८७’ असा आकडा येतो. तो आकडा कोणत्या दुव्यांवरून आला, त्यातले किती तपासले, किती गृहीत धरले, हे आकडा सांगत नाही. कायद्याला अपेक्षित असलेली शंका दशांश चिन्हाच्या मागे नाहीशी होते आणि अंदाजाला मोजमापाचा मान मिळतो.

भारताशी याचा संबंध काय?

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याने या विषयाची दुसरी बाजू दाखवली. हल्ल्याची रेकी करण्यासाठी डेव्हिड हेडली त्याआधी अनेकदा मुंबईत येऊन गेला होता. व्हिसा, प्रवास, मुक्काम अशा नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या असतात. त्या कुणी एकत्र पाहिल्या तरच त्यातून काही दिसते. हल्ल्यानंतर केंद्र सरकारने ‘नॅटग्रिड’ उभारण्याचे ठरवले ते याचसाठी. सुरक्षा यंत्रणांना निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी एकत्र शोधता याव्यात, ही त्यामागची कल्पना. १६६ जणांचा बळी घेणाऱ्या हल्ल्यानंतर ही गरज कुणी नाकारू शकत नाही.

म्हणजे दुवे जोडलेच नाहीत तर मुंबई घडते आणि जोडलेले दुवे तपासले नाहीत तर तखार घडते. भारतासारख्या देशाला दोन्ही टोके टाळायची आहेत. सीमेवर आणि अंतर्गत सुरक्षेत मेटाडेटाचा वापर वाढत जाणार, हे उघड आहे. म्हणूनच नोंदी कोण पाहतो, कोणत्या परवानगीने पाहतो आणि चूक झाली तर दाद कुठे मागायची, याचे नियम यंत्रणा विस्तारण्याआधी ठरायला हवेत, नंतर नव्हे.

मग हे शास्त्र वापरूच नये का?

वापरायलाच हवे, पण योग्य प्रश्नासाठी. नेटवर्क सायन्सचा सर्वांत निर्विवाद लष्करी उपयोग स्वतःचे जाळे मजबूत करण्यात आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, त्याच पहाटे ‘व्हायासॅट’ या उपग्रह सेवेवर सायबर हल्ला झाला. युक्रेनमधील हजारो मोडेम बंद पडले. त्याचा फटका जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांनाही बसला. त्यांच्यावर दूरवरून देखरेख ठेवणारी जोडणी तुटली. एका हबवर सारे विसंबून असले की काय होते, याचा हा धडा. पुरवठ्याची साखळी, संपर्क यंत्रणा, वीजजाळे कुठे तुटू शकते आणि पर्यायी वाट कुठे हवी, हे २००० च्या त्याच गणिताने आधीच सांगता येते. तिथे चुकले तरी एखादी केबल जास्त टाकली जाते. कुणाचा जीव जात नाही.

शत्रू शोधतानाही हे शास्त्र उपयोगी आहे, हे अद-दौरने दाखवले. पण त्यासाठी तीन अटी किमान मानल्या पाहिजेत.

पहिली, प्रत्येक दुव्याला नाव हवे. नातेवाईक, ग्राहक, शेजारी, मुलाखत घेणारा की हुकूम देणारा? ज्या रेषेचा अर्थ माहीत नाही, ती रेष मोजणीत धरू नये.

दुसरी, नकाशा खोटा ठरवण्याचे काम कुणावर तरी सोपवलेले हवे. नकाशा काढणाऱ्याला तो खराच वाटतो, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यामुळे ‘हा माणूस दुसराच कुणी असू शकतो का?’ हे विचारणारी स्वतंत्र व्यक्ती आणि तिला कारवाई थांबवण्याचा अधिकार, दोन्ही हवेत. तखारमध्ये काबूलमधल्या चार माणसांना विचारले असते तरी पुरले असते.

तिसरी, चुकांचा हिशेब ठेवायला हवा आणि तो मांडायलाही हवा. कोणत्याही अभियांत्रिकी यंत्रणेत बिघाडाची नोंद ठेवल्याशिवाय सुधारणा होत नाही. पूल पडला तर चौकशी होते. इथे मात्र मारला गेलेला माणूस यादीत होता, म्हणून तो शत्रूच होता, असे धरले जाते. अशी यंत्रणा स्वतःला नेहमीच शंभर टक्के गुण देणार. तिची अचूकता कुणीच तपासू शकत नाही आणि जी तपासता येत नाही, तिला शास्त्र म्हणता येत नाही.

नेटवर्क सायन्स कोण कुणाशी जोडलेले आहे ते सांगते. का जोडलेले आहे, हे विचारायला माणूसच लागतो आणि त्याला तो प्रश्न विचारायला वेळही द्यावा लागतो. येत्या काळात लष्करे अधिक वेगवान यंत्रणा विकत घेतील आणि प्रत्येक विक्रेता आपली अचूकता दशांशात सांगेल. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच आहे. यंत्रणेने निवडलेला माणूस चुकीचा निघाला, तर ते कळेल कसे आणि सांगेल कोण? याचे उत्तर नसेल, तर त्या नकाशाने शोध घ्यावा, गोळी झाडू नये.